चिंता, भूक आणि पचन

मनाच्या अवस्थेचा पोटाशी निकट संबंध असतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने सांगण्यापूर्वीच मराठी भाषेने सांगून ठेवली आहे. अशुभ वार्ता कानी पडताच माणसाच्या पोटात गोळा येतो. संकट समोर उभे राहिले की त्याच्या तोंडचे पाणी पळते. शोक झालेल्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि ज्याच्या पाठीमागे नित्याची विवंचना लागलेली असते, त्याने कितीही खाल्ले तरी अन्न त्याच्या अंगी लागत नाही, असे वडीलधारी माणसे म्हणतात. हे वाक्प्रचार नुसते अलंकार म्हणून रूढ झालेले नाहीत. भयाने लाळ खरोखरच आटते, घशाचे स्नायू खरोखरच आवळले जातात, जठराची हालचाल खरोखरच मंदावते. पिढ्यान्पिढ्या लोकांनी जे अनुभवले, तेच त्यांनी बोलीत साठवून ठेवले.

प्राचीन वैद्यांनीही या संबंधाची नोंद केलेली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात असे सांगितले आहे की, अन्न पथ्यकर असले आणि योग्य प्रमाणात घेतलेले असले, तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांच्या योगाने ते पचत नाही. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात अतिसाराचे जे सहा प्रकार मानले आहेत, त्यांपैकी दोन प्रकार भयामुळे आणि शोकामुळे होणारे आहेत. मनातील क्षोभ आतड्यापर्यंत पोहोचतो आणि त्याची चिकित्सा करताना रोग्याला धीर द्यावा लागतो, ही जाण त्या काळच्या वैद्यांना होती. मात्र हा परिणाम कोणत्या मार्गाने घडतो, हे उलगडण्यास एकोणिसावे आणि विसावे शतक उजाडावे लागले.

या शोधाचा आरंभ एका अपघाताने झाला. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी शस्त्रवैद्याच्या उपचारांनी तो वाचला. परंतु त्याच्या पोटावरची जखम पूर्णपणे मिटली नाही आणि जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. त्या छिद्रातून बोमाँटने जिवंत माणसाचे पचन वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले आणि १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रोगी रागावला वा अस्वस्थ झाला की जठराच्या अस्तराचे रूप पालटते आणि पचनाला विलंब लागतो, असे त्यास आढळून आले. पुढे रशियात पाव्हलॉव्ह याने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की, अन्न जठरात पोहोचण्यापूर्वीच, केवळ खाण्याच्या उत्कंठेने, जठररस पाझरू लागतो. पचनक्रियेवरील या संशोधनाबद्दल त्यास १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भूक लागलेली असताना आवडीने खाल्लेले अन्न चांगले पचते, या घरगुती समजुतीला त्याने शास्त्राचा आधार दिला.

तिसरे निरीक्षण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झाले. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर थोड्याच काळात वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने मांजरांना क्ष-किरणांत दिसेल असे अन्न चारून त्यांच्या जठराची हालचाल पाहण्यास प्रारंभ केला. मांजर शांत असेपर्यंत जठरावर नियमित लाटा उठत असत. ते चिडले वा भ्याले की त्या लाटा एकाएकी थांबत. त्याला कुरवाळून शांत केले म्हणजे त्या पुन्हा सुरू होत. या साध्या निरीक्षणाचा पाठपुरावा कॅननने अनेक वर्षे केला आणि वेदना, भूक, भय व क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या फेरबदलांवरील आपला ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध केला. संकटसमयी शरीर लढण्याची किंवा पळण्याची सिद्धता करते आणि त्यासाठी पचनासारखी सावकाशीची कामे तात्पुरती बाजूस ठेवते, हा सिद्धान्त त्यातून पुढे आला.

ही सिद्धता कशी होते, हे थोडक्यात पाहू जाता असे दिसते की, शरीरात आपोआप चालणाऱ्या क्रियांवर ताबा ठेवणाऱ्या मज्जासंस्थेचे दोन भाग आहेत. एकास अनुकंपी आणि दुसऱ्यास परानुकंपी म्हणतात. अनुकंपी भाग जागा झाला की हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते, लाळ आटते आणि जठर स्वस्थ बसते. परानुकंपी भागाचे कार्य याच्या उलट. जेवण झाल्यावर, विसाव्याच्या वेळी तो पाचकरस वाढवतो आणि आतड्यांना गती देतो. मेंदूपासून निघून छातीतून पोटात उतरणारी व्हेगस नावाची मज्जा हा त्याचा मुख्य मार्ग होय. याखेरीज मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. अ‍ॅड्रेनलिनचा प्रभाव काही मिनिटांचा असतो; कॉर्टिसॉलचा त्याहून बराच दीर्घ.

पोटालाही स्वतःची अशी मज्जासंस्था आहे, हे यातील सर्वांत नवलाचे होय. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे पसरलेले आहे. मेंदूच्या आज्ञेवाचूनही हे जाळे आतड्याचे दैनंदिन काम चालवू शकते. मनाच्या प्रसन्नतेशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या सेरोटोनिन नावाच्या द्रव्यापैकी सुमारे नऊ दशांश भाग मेंदूत नसून आतड्यात असतो आणि तेथे तो आतड्याच्या हालचालीचे नियमन करतो. व्हेगस मज्जेतील बहुतेक तंतू तर पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. म्हणजे मन पोटाला बिघडवते त्याप्रमाणे बिघडलेले पोटही मनाला अस्वस्थ करते. काळजीने पोट दुखते, पोट दुखते म्हणून काळजी वाढते, आणि वाढलेली काळजी पुन्हा पोटात उतरते. अनेकांची पीडा महिनोन्महिने का रेंगाळते, याचे उत्तर या फेऱ्यात आहे.

क्षणिक भयाने कोणाचे फारसे बिघडत नाही. रस्त्यात अचानक ट्रक अंगावर आला, तर तोंड कोरडे पडते, छाती धडधडते आणि अर्ध्या घटकेत सर्व पूर्ववत होते. शरीराची ही योजना अशाच प्रसंगांसाठी आहे. परंतु घराचे हप्ते, मुलीचा विवाह, न्यायालयातील दावा, मुलाची परीक्षा ही संकटे ट्रकाप्रमाणे येऊन निघून जात नाहीत. ती रात्री अंथरुणात आणि सकाळी ताटावर सोबत बसतात. त्यांच्याशी लढता येत नाही आणि त्यांच्यापासून पळताही येत नाही. तरीही शरीराची सिद्धता मात्र चालूच राहते. जठर आपले अन्न वेळेवर पुढे सरकवत नाही, म्हणून दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटते, मळमळ होते, ढेकर येतात. त्याच वेळी मेंदूतून निघणाऱ्या तणावद्रव्यांच्या योगाने मोठे आतडे अधिक चंचल होते, म्हणून सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी दोनतीनदा शौचास जावे लागते. एकाच माणसाचे जठर मंद आणि मोठे आतडे उतावीळ, हा विरोधाभास चिंताग्रस्त माणसात नेहमी आढळतो. काहींच्या बाबतीत उलट बद्धकोष्ठ जडते. लहान मुलांत तर हा परिणाम निराळ्याच रूपाने दिसतो. शाळेत जाण्याच्या वेळी नेमके पोटात दुखणारे आणि रविवारी मजेत खेळणारे मूल बहुधा ढोंग करीत नसते. त्याचे पोट खरोखरच दुखत असते.

वजनाचा प्रश्न याहून थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण चिंतेने काही माणसे वाळतात आणि काही माणसे स्थूल होतात. भोपाळ शहरातीलच दोन घरे कल्पनेने डोळ्यांसमोर आणावीत. पिपलानीत राहणारा एक कामगार वडिलांच्या आजारपणाने आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाने गांजला आहे. कामावरून आल्यावर त्याला ताटावर बसवत नाही. पूर्वी तो चार पोळ्या खात असे, आता दोन खाऊन उठतो. दुसऱ्या घरातील मुलगी महाराणा प्रताप नगरातील शिकवणीच्या वर्गात स्पर्धापरीक्षेची तयारी करते. रात्री एक वाजेपर्यंत ती वाचीत बसते. पुस्तकाशेजारी चहा, बिस्किटे आणि शेव असते. सकाळी धावपळीत वाटेत पोहे-जिलबी होते. काळजी दोघांनाही आहे. सहा महिन्यांनी कामगाराचे कपडे सैल झालेले असतात आणि मुलीचे घट्ट.

यात गूढ असे काही नाही. शरीर आपला हिशेब उष्मांकांत ठेवते. एक किलो मेद म्हणजे सुमारे सात हजार सातशे उष्मांकांचा साठा होय. दोन पोळ्या म्हणजे साधारण सव्वादोनशे ते अडीचशे उष्मांक. रोज तेवढे कमी पोटात गेले, तर महिन्याकाठी जवळजवळ एक किलो वजन उतरू शकते. आणि रोज तेवढेच उष्मांक गोड चहाबिस्किटांच्या रूपाने अधिक गेले, तर तितकेच वाढू शकते. हा हिशेब कायम याच वेगाने चालत नाही, कारण शरीर काही काळाने आपला खर्च नव्या आवकेशी जुळवून घेते. परंतु दिशा तीच राहते. काळजीने अन्न अंगी लागत नाही असे म्हणतात, त्याचा बहुतांशी अर्थ हाच आहे की, ते पोटातच कमी जाते. खाल्लेले न शोषले जाण्याचा वाटा त्या मानाने अल्प असतो. ताटात वाढलेले आणि प्रत्यक्ष खाल्लेले यांतील अंतर घरच्यांच्या लक्षात येत नाही, इतकेच.

भूक एकाची का मरते आणि दुसऱ्याची का खवळते, याचाही उलगडा काही अंशी झाला आहे. तणावाच्या पहिल्या लाटेत मेंदूतून जे द्रव्य निघते ते भूक मारते. पण तणाव दीर्घकाळ टिकला म्हणजे कॉर्टिसॉलचे राज्य सुरू होते आणि त्याचा कल भूक वाढवण्याकडे, विशेषतः गोड आणि स्निग्ध पदार्थांची ओढ लावण्याकडे असतो. असे पदार्थ खाल्ल्यावर मन क्षणभर निवते, म्हणून हात पुन्हा डब्याकडे जातो. वाढलेला मेद साठवताना कॉर्टिसॉलला कमरेभोवतीची जागा अधिक पसंत पडते. जागरणाने यात भर पडते. १९९४ साली लेप्टिन नावाच्या, तृप्तीचा निरोप देणाऱ्या द्रव्याचा शोध लागला आणि १९९९ साली घ्रेलिन नावाच्या, भुकेचा निरोप देणाऱ्या द्रव्याचा. झोप अपुरी झाली की पहिले घटण्याकडे आणि दुसरे वाढण्याकडे झुकते, असे पुढील संशोधनात दिसून आले. या दोन वाटांपैकी कोणती वाट कोण धरील, हे त्याच्या पूर्वीच्या सवयींवर, प्रकृतीवर आणि चिंतेच्या तीव्रतेवर अवलंबून असते.

या सर्व विवेचनाला भोपाळमध्ये एक निराळे गांभीर्य प्राप्त होते. १९८४ च्या डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि जुन्या शहरातील वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि लक्षावधींना त्याची बाधा झाली. वाचलेल्यांची फुप्फुसे आणि डोळे यांना झालेली इजा सर्वांना दिसत होती. पण त्यानंतरच्या महिन्यांत दवाखान्यांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांतील माणसे दम आणि खोकला यांच्याबरोबरच आणखीही पुष्कळ तक्रारी सांगत. भूक लागत नाही, पोटात दुखते, थकवा जात नाही, झोप येत नाही, छाती धडधडते. त्या रात्री कुटुंबातील माणसे गमावलेली, कामाची शक्ती गेलेली, मुलांच्या भवितव्याची धास्ती घेतलेली ती माणसे होती. पुढे नुकसानभरपाईच्या अर्जांची आणि तारखांची चिंताही त्यांच्या वाट्यास आली.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वतीने मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ साली या लोकांची पद्धतशीर पाहणी केली. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचे डॉक्टर आर. श्रीनिवास मूर्ती आणि लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर बी. बी. सेठी यांचा या कामात पुढाकार होता. बाधित भागातील १० सरकारी दवाखान्यांत आलेल्या ८५५ रोग्यांची चाचणी घेण्यात आली. त्यांतील १९३ जणांना, म्हणजे सुमारे २२.६ टक्के लोकांना, निश्चित स्वरूपाचा मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. हे रोगी मनाचा विकार आहे म्हणून दवाखान्यात आलेले नव्हते; ते सामान्य डॉक्टरकडे शरीराचे दुखणे घेऊन आले होते. यानंतर घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत १,२०१ कुटुंबांतील ४,०९८ प्रौढ व्यक्तींपैकी ३८७ जणांना असे विकार असल्याचे दिसून आले. दर हजारी हे प्रमाण ९४ पडते. त्यांत औदासीन्याचे रोगी निम्म्याहून थोडे अधिक आणि चिंताविकाराचे रोगी ४१ टक्के होते.

या पाहणीचे फलित केवळ आकड्यांत नव्हते. बाधित भागात काम करणाऱ्या सुमारे ५० सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनोविकार ओळखण्याचे आणि त्यांवर प्राथमिक उपचार करण्याचे शिक्षण देण्यात आले आणि त्यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार करण्यात आली. भूक न लागणाऱ्या रोग्याला केवळ टॉनिकची बाटली देऊन वाटेस लावण्याऐवजी त्याला झोप येते का, रात्री दचकून जाग येते का, घरी कोण आहे, असे दोन प्रश्न विचारावेत, ही दृष्टी त्यातून आली. आपत्तीनंतर अन्न, वस्त्र आणि औषध यांच्याबरोबर मनालाही आधार द्यावा लागतो, हा धडा भारताच्या वैद्यकव्यवस्थेने प्रथम मोठ्या प्रमाणावर भोपाळमध्ये गिरवला. २०१० साली याच शहरात पर्यावरण आणि आरोग्य या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संशोधन संस्था परिषदेने स्थापन केली.

परंतु याच अनुभवात एक मोठा धोकाही दडलेला आहे. चिंतेने भूक मरते हे खरे असले, तरी भूक मेलेला प्रत्येक मनुष्य चिंतेनेच आजारी आहे असे ठरत नाही. वायुबाधित लोकांच्या तक्रारी हा मनाचा खेळ आहे, भरपाईच्या आशेने आलेले दुखणे आहे, असे म्हणणारेही त्या काळी निघाले. ज्यांच्या फुप्फुसांत विष गेले होते त्यांच्यावर हा दुहेरी अन्याय होता. खरे पाहता विषाने शरीर पोखरले होते आणि त्याच आपत्तीने मनही पोखरले होते; एकाचा पुरावा सापडला म्हणून दुसरे खोटे ठरत नव्हते. कोणत्याही रोग्याच्या बाबतीत हेच तत्त्व लागू पडते. "तुला काही झालेले नाही, उगाच काळजी करतोस," हे वाक्य जितके घरांत उच्चारले जाते तितकेच ते रोग्याला एकटे पाडते. काळजीने होणारे पोटदुखणे हेही दुखणेच आहे.

जठरव्रणाच्या इतिहासाने हीच सावधगिरी दुसऱ्या बाजूने शिकवली आहे. विसाव्या शतकात बराच काळ असे मानले जाई की, जठरातील व्रण हा चिंतेचा आणि धकाधकीच्या जीवनाचा रोग आहे. रोग्यांना शांत राहण्याचा, दूधभात खाण्याचा आणि मसाले टाळण्याचा उपदेश केला जाई. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले की, बहुसंख्य व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. त्यांचे म्हणणे कोणी मानीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जंतू आणि वेदनाशामक गोळ्यांचे अतिसेवन ही आज व्रणाची मुख्य कारणे मानली जातात आणि योग्य औषधांनी तो बरा होतो. चिंतेमुळे त्याचा त्रास वाढू शकतो. पण केवळ चिंता सोडण्याच्या उपदेशाने जंतू मरत नाही.

म्हणून वजन उतरू लागले किंवा पोट बिघडले तर प्रथम शरीराची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. क्षय, मधुमेह, जंत आणि अवटु ग्रंथीचा अतिरेक हे वजन घटवणारे रोग आपल्याकडे सामान्य आहेत. अवटु ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, अतिरेकात तर छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, जीव घाबरा होतो आणि पाहणाऱ्यास तो रोगी चिंताग्रस्तच वाटतो. फरक एवढाच की, त्याची भूक बहुधा शाबूत असते आणि पोटभर खाऊनही तो वाळत जातो. साध्या रक्तपरीक्षेने हे कळते. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षाच्या अवधीत वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाचे तीन किलो, कमी झाले तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. शौचावाटे रक्त पडणे किंवा शौच डांबरासारखे काळे होणे, गिळताना घास अडकणे, वारंवार वांती होणे, संध्याकाळचा ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, आणि पन्नाशीच्या सुमारास नव्याने सुरू झालेली पोटाची तक्रार, ही लक्षणे काळजीच्या खात्यावर टाकून स्वस्थ बसू नये.

तपासणीत काही दोष आढळला नाही, म्हणजे मग मनाकडे वळण्यास मार्ग मोकळा होतो. पुष्कळ रोगी या टप्प्यावर निराश होतात. सर्व तपासण्या निर्दोष आल्या, याचा अर्थ डॉक्टरांना काही कळले नाही असा ते घेतात आणि दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतात. वस्तुतः अशा वेळी बहुधा आतड्याची रचना शाबूत असते, तिची संवेदनशीलता मात्र वाढलेली असते. साधा वायू सरकला तरी तेथे कळ उठते. आतड्याच्या या चिडखोरपणाला वैद्यकात स्वतंत्र विकार म्हणून मान्यता आहे. तो त्रासदायक असला तरी आयुष्य घटवणारा नाही, एवढे समजले तरी अनेकांचा निम्मा भार उतरतो.

उपचाराची सुरुवात ताटापासून करता येते. भूक मेली असली तरी जेवणाची वेळ मोडू नये. पोटभर जेवण जात नसेल तर दिवसातून चारपाच वेळा थोडे थोडे खावे. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, ताक, केळे हे पदार्थ मंदावलेल्या जठराला सहसा जड जात नाहीत. ज्यांना ताक वा दूध सोसत नाही त्यांनी ते टाळावे. जेवताना घरातील कर्जाची, निकालाची, भांडणाची चर्चा करू नये, हा जुन्या घरांतील दंडक शास्त्राच्या कसोटीलाही उतरणारा आहे. चहाचे प्रमाण कमी करावे. भोपाळची मिठाची सुलेमानी चहा कितीही प्रसिद्ध असली, तरी दिवसात आठ पेले कोणताही चहा धडधडणाऱ्या छातीला आणि जागणाऱ्या डोळ्यांना हितकर नाही. ज्यांचे वजन वाढते आहे त्यांनी रात्रीच्या वाचनाच्या मेजावरून बिस्किटांचा डबा उचलून ठेवावा. डबा हाताशी नसला म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखे होते.

चालण्यासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही. लढण्यापळण्यासाठी शरीराने जी सिद्धता केलेली असते, तिचा निचरा स्नायूंच्या हालचालीनेच होतो. या बाबतीत भोपाळचे नागरिक भाग्यवान आहेत. मोठ्या तलावाच्या काठचा रस्ता आणि वनविहाराचा परिसर हे फिरण्यासाठी जणू निसर्गाने आखूनच ठेवले आहेत. रोज अर्धा तास चालल्याने झोप सुधारते, आतड्याला नियमित गती येते आणि मन काही काळ तरी त्याच त्या विचाराच्या घाण्यातून सुटते. संथ श्वसनाचाही असाच उपयोग होतो. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यास थोडा अधिक वेळ दिला की परानुकंपी भागाला जोर येतो आणि हृदयाची गती उतरते. जेवणापूर्वी पाच मिनिटे असे बसणे हे कोणत्याही पाचक चूर्णाइतके मोलाचे आहे.

एवढ्याने न भागल्यास तज्ज्ञाची मदत घेण्यात संकोच नसावा. चिंता कोणत्या विचाराने भडकते आणि त्या विचाराला उत्तर कसे द्यावे, हे रोग्याला शिकवणारी उपचारपद्धती आज उपलब्ध आहे आणि चिडखोर आतड्याच्या रोग्यांनाही तिने गुण येतो. काहींना काही महिने औषध घ्यावे लागते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे आणि मनास येईल तेव्हा सोडू नये. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी हे औषध नव्हे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ असा असून तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. दवाखान्याची पायरी चढण्यास जो बिचकतो, त्याला निदान हा क्रमांक फिरवता येईल.

शेवटी घरातील माणसांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. जो वाळत चालला आहे त्याला "किती वाळलास" असे दररोज ऐकवल्याने, आणि जी स्थूल होत आहे तिच्या ताटाकडे टक लावून पाहिल्याने, कोणाचेही वजन ठिकाणावर आलेले नाही. आग्रहाने वाढलेली तिसरी पोळी ताटातच राहते. त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून जेवावे, आणि जेवण झाल्यावर, घाई न करता, त्याच्या मनावर कसले ओझे आहे ते विचारावे. १९८५ साली भोपाळच्या दवाखान्यांतील डॉक्टरांना जे प्रश्न विचारण्यास शिकवावे लागले, ते घरातील माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. ते प्रश्न वेळेवर विचारले गेले, तर पुष्कळ दुखणी दवाखान्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच हलकी होतील. आणि जी पोहोचतील, ती एकट्याने सोसलेली नसतील.